नमाज : दिवसाचे पाच टप्पे
(प्राथमिक शिक्षकांसाठी परिचयपर लेख)



काही दिवसांपूर्वी एका खेड्यातील शाळेच्या भेटीच्या वेळी चौथीच्या वर्गात अकबर-बिरबलाची गोष्ट चालू होती. गोष्ट संपली आणि एका चुणचुणीत मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, मशिदीच्या बांगेत रोज अकबर बादशहाचे नाव का घेतात?’’ वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि पुढचा पाठ उघडा म्हणाले. मागच्या रांगेतील एक मुलगी मात्र हसली नाही. ती पाटीकडे पाहत राहिली. तिला उत्तर ठाऊक होते की नव्हते, हे मला कळले नाही. परंतु प्रश्न तिच्या घराविषयीचा होता आणि त्याचे उत्तर शाळेने दिले नाही, एवढे तिला नक्कीच कळले.

त्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांचे आहे. ‘अकबर’ हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ ‘अधिक महान’ किंवा ‘सर्वांहून महान’ असा होतो. आपल्या परिचयाच्या ‘कबीर’ ह्या शब्दाशी तो सख्खा आहे. बांगेतील हे विशेषण ईश्वराचे असून बादशहा जन्मण्यापूर्वी सुमारे नऊशे वर्षांपासून ते उच्चारले जात आहे. हे उत्तर मिळाले असते तर मुलाला एक शब्द मिळाला असता, आणि त्या मुलीला वर्गात आपली जागा मिळाली असती.

म्हणून प्रस्तुत लेखात मुसलमान समाजाच्या दैनंदिन नमाजेची माहिती देण्याचे योजिले आहे. उद्देश धर्मोपदेशाचा नाही. आपल्या वर्गातील काही मुलांच्या घरी रोज काय घडते व त्याचा अर्थ काय, हे गुरुजींना नेमके ठाऊक असावे, एवढाच उद्देश आहे.

१. शब्द आणि स्थान

‘नमाज’ हा शब्द फारसी आहे. संस्कृतातील ‘नमस्’ ह्या शब्दाचा तो जुना भाऊबंद होय. दोहोंच्या मुळाशी वाकणे, नम्र होणे हाच भाव आहे. कुराणात ह्या उपासनेला ‘सलात’ म्हटले आहे. इराण, मध्य आशिया व भारत येथे मात्र फारसीच्या प्रभावामुळे ‘नमाज’ हाच शब्द रूढ झाला.

इस्लामची प्रमुख कर्तव्ये पाच मानली जातात : ईश्वर एकच आहे व महंमद हे त्याचे प्रेषित आहेत अशी साक्ष देणे, नमाज पढणे, जकात देणे, रमजानचे रोजे ठेवणे आणि हजची यात्रा करणे. ह्यांपैकी जकात सांपत्तिक स्थिती असणाऱ्यालाच आणि वर्षातून एकदा लागू होते. रोजे वर्षातील एका महिन्याचे असतात. हज ऐपत व शक्ती असणाऱ्याने आयुष्यात एकदा करावयाची असते. नमाज मात्र रोजची आहे, आणि गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष असा भेद न करता प्रत्येक सज्ञान व शुद्धीवर असलेल्या व्यक्तीवर ती ‘फर्ज’ म्हणजे अनिवार्य आहे. ती दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. यास्तव मुसलमानाच्या धर्मजीवनात नमाजेचे स्थान घराच्या आढ्यासारखे आहे. बाकीचे वासे त्याच्या आधाराने उभे राहतात.

पाच ही संख्या कोठून आली, याविषयी परंपरेत एक कथा सांगितली जाते. पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या रात्री, जिला ‘मेराज’ म्हणतात, प्रथम रोज पन्नास नमाजांची आज्ञा झाली. परत येताना भेटलेल्या हजरत मूसांनी सांगितले की लोकांना हे झेपणार नाही. तेव्हा पैगंबरांनी पुन्हा पुन्हा विनंती केली व अखेरीस पाच नमाजा ठरल्या. परंतु त्यांचे पुण्य पन्नासांचेच राहिले. ह्या कथेतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. उपासना नित्य हवी, पण ती माणसाच्या शक्तीबाहेरची असू नये, ही दृष्टी नमाजेच्या साऱ्या नियमांतून आढळते.

२. पाच वेळा व सूर्य

पाच नमाजांची नावे फजर, जोहर, असर, मगरीब आणि इशा अशी आहेत. त्यांच्या वेळा घड्याळावर ठरलेल्या नसून सूर्यावर ठरलेल्या आहेत. फजरची वेळ पहाटे क्षितिजावर आडवा उजेड फाकल्यापासून सूर्योदयापर्यंत असते. जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून कलल्यावर सुरू होते. असर तिसऱ्या प्रहराची होय. मगरीब सूर्यास्त होताच सुरू होते व सांजेची लाली मावळेपर्यंत असते. त्यानंतर रात्रीची इशा. म्हणूनच मशिदीच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यात ह्या वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलत जातात. अलीकडे मोबाइलवरही त्या पाहता येतात. तथापि त्यांचे गणित सूर्याचेच आहे.

असरच्या वेळेचा नियम तर भूगोलाच्या शिक्षकाला आनंद व्हावा असा आहे. एक मीटर उंचीची सरळ काठी अंगणात उभी रोवावी. भर मध्यान्ही तिची जी सर्वांत आखूड सावली पडते तिची लांबी मोजून ठेवावी. दुपारनंतर सावली वाढत जाऊन ती ‘काठीची उंची अधिक मध्यान्हीची सावली’ एवढी झाली, की शाफई पंथाप्रमाणे असरची वेळ सुरू होते. हनफी पंथात काठीच्या दुप्पट उंची अधिक मध्यान्हीची सावली असा नियम आहे. पुण्याच्या आसपास डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीची सावली सुमारे ९० सेंटीमीटर पडते. म्हणजे पहिल्या नियमाने १९० व दुसऱ्या नियमाने २९० सेंटीमीटर सावली झाल्यावर असर लागते. मेच्या मध्यास त्याच ठिकाणी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि मध्यान्हीची सावली जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा हेच आकडे १०० आणि २०० होतात.

आपल्या राज्यात ह्याचा प्रत्यक्ष अनुभव येतो. कोकणातील मुसलमान परंपरेने शाफई पंथाचे आहेत, तर देशावरील बहुसंख्य हनफी आहेत. म्हणून कोकणातील गावात असरची बांग देशावरच्या मानाने लवकर ऐकू येते. ह्यात कोणाचे घड्याळ चुकलेले नसते, हे बदलून आलेल्या शिक्षकाने लक्षात ठेवावे. शिया पंथीयांत नमाजा पाचच असतात. परंतु जोहर-असर आणि मगरीब-इशा ह्या जोड्या एकत्र पढण्याची मोकळीक असल्यामुळे त्या दिवसातून तीन वेळांत पूर्ण होतात.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. वेळा सूर्यावर असल्या तरी नमाज सूर्याची नाही. सूर्य उगवत असताना, तो ऐन माथ्यावर असताना आणि मावळत असताना नमाज सुरू करू नये असा दंडकच आहे; सूर्योपासनेचा आभासही होऊ नये हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

३. पूर्वतयारी : वजू, दिशा आणि बांग

नमाजेपूर्वी शरीर, वस्त्र व जागा ही तिन्ही स्वच्छ असावी लागतात. ह्यासाठी ‘वजू’ करतात. हात मनगटापर्यंत धुणे, चूळ भरणे, नाक स्वच्छ करणे, चेहरा धुणे, हात कोपरांपर्यंत धुणे, ओला हात डोक्यावरून फिरवणे आणि पाय घोट्यांपर्यंत धुणे असा त्याचा क्रम आहे. पाणी नसेल किंवा पाण्याने आजार वाढणार असेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावर व हातांवर फिरवतात. ह्याला ‘तयम्मुम’ म्हणतात. वाहत्या नदीच्या काठी बसून वजू केला तरी पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण परंपरेत आहे. टंचाईच्या गावात मुलांना पाण्याची काटकसर शिकवताना हा दाखला अवश्य द्यावा.

नमाज काबागृहाच्या दिशेकडे तोंड करून पढतात. ह्या दिशेला ‘किबला’ म्हणतात. प्रारंभी किबला जेरुसलेमकडे होता. पैगंबर मक्केहून मदिनेस गेल्यानंतर सुमारे दीड वर्षाने, इसवी सन ६२४ च्या सुमारास, तो मक्केतील काबागृहाकडे ठरला. महाराष्ट्रातून मक्का पश्चिमेस किंचित उत्तरेकडे कलून आहे. त्यामुळे आपल्या मुलांचा असा समज होतो की मुसलमान पश्चिम दिशेला भजतात. पृथ्वीचा गोल वर्गात आणून हा समज सहज घालवता येतो. कैरोतील माणूस नमाजेसाठी आग्नेयेकडे तोंड करतो, जकार्तातील वायव्येकडे, आणि केपटाऊनमधील उत्तरेकडे, किंचित ईशान्येला कलून. दिशा निरनिराळ्या, पण बिंदू एकच. काबागृह हे उपास्य नव्हे, तर साऱ्यांनी एकाच ठिकाणाकडे वळण्याची ती खूण आहे.

वेळ झाल्याची घोषणा म्हणजे ‘अजान’. मराठीत आपण तिला ‘बांग’ म्हणतो. तीत ईश्वराची महत्ता व त्याचे एकत्व, महंमदांचे प्रेषितत्व, आणि नमाजेकडे व कल्याणाकडे येण्याचे आवाहन असते. सुन्नी मशिदीतील पहाटेच्या बांगेत झोपेहून नमाज बरी अशा अर्थाची भर असते. पहिली बांग देण्याचा मान पैगंबरांनी बिलाल ह्यांना दिला. ते हबशी वंशाचे असून पूर्वी गुलाम होते. ज्या समाजात वंशाचा अभिमान हेच सर्वस्व होते, तेथे सर्वांना ईश्वराकडे बोलावण्याचे काम एका मुक्त झालेल्या गुलामाकडे आले, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. बांग मूळची उघड्या कंठाची होय; ध्वनिवर्धक हे विसाव्या शतकातील साधन असून तो विधीचा अंगभूत भाग नव्हे. त्याच्या वापराबाबत २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सर्व धर्मस्थळांना व समारंभांना सारखेच लागू आहेत.

४. नमाजेची रचना

नमाजेचे माप ‘रकात’ हे आहे. एका रकातीत पुढील क्रम असतो. प्रथम मनात संकल्प, म्हणजे ‘नीयत’. नंतर हात वर नेऊन ईश्वराच्या महत्तेचा उच्चार. मग सरळ उभे राहून कुराणाचा सात आयतींचा पहिला अध्याय, ‘फातिहा’, म्हणतात. त्यात ईश्वराची स्तुती आणि सरळ मार्ग दाखव अशी विनवणी आहे. त्यानंतर गुडघ्यांवर हात ठेवून वाकणे, म्हणजे ‘रुकू’. पुन्हा सरळ उभे राहून मग ‘सजदा’ : कपाळ व नाक, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकतात. क्षणभर बसून दुसरा सजदा. अशी एक रकात पूर्ण होते. दोन रकातींनंतर, तसेच शेवटी, बसून प्रार्थना म्हणतात आणि अखेरीस उजवीकडे व डावीकडे मान वळवून शांतीची सदिच्छा व्यक्त करतात.

फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरीबच्या तीन आणि इशाच्या चार, अशा एकूण १७ रकाती रोज फर्ज आहेत. ह्याचा अर्थ असा की, नियमाने नमाज पढणारा माणूस दिवसातून निदान १७ वेळा सरळ मार्गाची विनवणी करतो आणि ३४ वेळा कपाळ भुईला टेकवतो. ह्यांखेरीज ‘सुन्नत’ व ‘नफल’ ह्या अधिकच्या रकाती असतात. पहाटेच्या व रात्रीच्या नमाजेत कुराणपठण मोठ्याने होते, दुपारी व तिसऱ्या प्रहरी मनातल्या मनात. म्हणून जोहरच्या वेळी मशीद शांत असते. उभे राहताना हात बांधावेत की सोडावेत, बांधल्यास कोठे, ह्याबाबत पंथांत फरक आहे. एका मुलाच्या घरची रीत दुसऱ्याच्या घरी वेगळी दिसली, तर शिक्षकाने कोणती बरोबर असा निवाडा करू नये.

नमाज व ‘दुआ’ ह्यांतील भेदही जाणून घ्यावा. नमाजेचे शब्द अरबी व ठरलेले असतात. त्यामुळे रत्नागिरीचा कोळी आणि सेनेगलचा शेतकरी एकाच रांगेत उभे राहू शकतात. दुआ म्हणजे मनातले मागणे. ते नमाजेनंतर किंवा केव्हाही, आपापल्या भाषेत मागता येते. पाऊस पडू दे, पोराचा ताप उतरू दे, हे मागणे आपल्या गावातील कित्येक आया मराठीतून किंवा दखनीतून मागत असतात.

५. सवलती

नियम काटेकोर असले तरी त्यांच्या पोटातच सवलती आहेत. आजाऱ्याला उभे राहवत नसेल तर त्याने बसून, बसवत नसेल तर पडून, आणि तेही शक्य नसेल तर खुणेने नमाज पढावी. प्रवाशाला चार रकातींच्या जागी दोन पुरतात. झोप लागली किंवा विसर पडला, तर आठवण होताच ती भरून काढावी. अशा नमाजेला ‘कजा’ म्हणतात. स्त्रियांना मासिक अवस्थेत नमाज माफ असून ती नंतर भरून काढावी लागत नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलांची. नमाज फर्ज होते ती वयात आल्यावर. सातव्या वर्षापासून मुलांना ती शिकवावी व दहाव्या वर्षापासून तिचा आग्रह धरावा, अशी परंपरा आहे. म्हणजे आपल्या प्राथमिक शाळेतील बहुतेक मुले कर्तव्याच्या नव्हे, तर सवयीच्या वयात असतात. आजोबांचे बोट धरून मशिदीत जाणारे सात-आठ वर्षांचे मूल नमाजेचा पहिला धडा गिरवीत असते. त्याचे चुकणे, मध्येच इकडेतिकडे पाहणे, भावंडाला कोपरखळी मारणे हे घरचे लोकही समजून घेतात.

६. जमात, जुमा आणि माझी एक चूक

नमाज एकट्याने घरात, शेतात, दुकानात किंवा रेल्वेच्या फलाटावरही पढता येते; स्वच्छ जागा पुरे. परंतु ‘जमाती’ने, म्हणजे सर्वांनी मिळून पढलेली नमाज अधिक श्रेष्ठ मानतात, तिचे पुण्य सत्तावीसपट असल्याचे परंपरा सांगते. जमातीत खांद्याला खांदा लावून सरळ रांगा धरतात. आधी येणारा पुढे उभा राहतो. जमीनदार व सालगडी ह्यांच्या जागा वेगळ्या नसतात. पुढे उभा राहणारा इमाम हा पुरोहित नव्हे. नमाजेचे ज्ञान असलेला कोणीही लायक पुरुष इमाम होऊ शकतो. स्त्रियांवर नमाज तितकीच फर्ज आहे, मात्र मशिदीत येण्याचे बंधन त्यांच्यावर नाही; त्यांच्यासाठी मशिदीत सोय असणे-नसणे ह्याबाबत ठिकठिकाणची रीत निरनिराळी आहे.

शुक्रवारी दुपारी जोहरच्या जागी ‘जुम्या’ची नमाज होते. तिच्या आधी ‘खुतबा’ म्हणजे प्रवचन असते आणि नंतर दोन रकाती. ही नमाज जमातीनेच पढावी लागते. एकट्याने ती होत नाही. प्रौढ पुरुषांवर ती बंधनकारक आहे. कुराणाने ह्या वेळी व्यापार थांबवावयास सांगितले आहे, तसेच नमाज आटोपताच पुन्हा कामाला लागण्याचीही मुभा दिली आहे. म्हणजे शुक्रवार हा मूळ कल्पनेनुसार सुटीचा दिवस नव्हे, तर कामाच्या दिवसातील एक विराम होय.

ह्या संदर्भात स्वतःची एक चूक सांगणे मी कर्तव्य समजतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावी मी तिसरीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गातील एक हुशार मुलगा दर शुक्रवारी मधल्या सुटीनंतर दहा-पंधरा मिनिटे उशिरा येई. दोन शुक्रवार मी त्याला दाराशी उभे केले. तिसऱ्या शुक्रवारी दुपारची हजेरी घेताना त्याला गैरहजर मांडले आणि वर्गासमोर ‘भटक्या’ म्हणालो. तो काही बोलला नाही. शनिवारी सकाळी त्याचे आजोबा शाळेच्या पायरीशी टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, ‘‘गुरुजी, पोराची चूक नाही, माझी आहे. जुम्याला मीच त्याला मशिदीत नेतो. शाळा बुडत असेल तर नेणार नाही. पण त्याला भटक्या म्हणू नका.’’

मी त्या गावात दीड वर्ष राहत होतो. मशीद शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती. शुक्रवारी तेथे काय असते हे मी एकदाही विचारले नव्हते. आणि त्या मुलाने कारण सांगितले नव्हते, कारण मी त्याला कारण विचारलेच नव्हते. त्या दिवशी मी आजोबांची व वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. मुख्याध्यापकांशी बोलून शुक्रवारची मधली सुटी पंधरा मिनिटे पुढे सरकवली. अभ्यासाचा एक मिनिटही बुडाला नाही. मला पुस्तकात न मिळालेले शिक्षण मात्र मिळाले : उशिरा येणाऱ्या मुलाला आधी प्रश्न विचारावा, शिक्षा मागाहून.

७. नमाज आणि आचरण

नमाज म्हणजे ठरावीक हालचालींची पुनरावृत्ती, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटण्याचा संभव आहे. कुराणाला ते मान्य नाही. नमाज माणसाला निर्लज्ज व वाईट कृत्यांपासून आवरते, असे त्यात म्हटले आहे. इतकेच नव्हे, तर शेवटच्या भागातील एका लहानशा अध्यायात अनाथाला हुसकावणाऱ्यांची, तसेच नमाज पढूनही तिच्या मर्माविषयी बेफिकीर राहणाऱ्या, लोकांना दाखवण्यासाठी ती पढणाऱ्या आणि शेजाऱ्याला घरातील साधी वापरायची वस्तूही नाकारणाऱ्यांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली आहे. कपाळाचा जमिनीशी आणि हाताचा शेजाऱ्याशी संबंध असावा, असा ह्याचा भावार्थ होय.

हे घडावे कसे? माणूस सकाळी निश्चय करतो आणि दुपारपर्यंत विसरतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. नमाजेने दिवस पाच ठिकाणी अडवला आहे. दुकानदार तराजू ठेवून उठतो, शेतकरी मोट किंवा मोटार थांबवतो, गृहिणी चुलीवरचे उतरवून ठेवते. पाच-दहा मिनिटे हिशेब सुटतो, आणि परतल्यावर तोच हिशेब पुन्हा हाती घेताना मनाला थोडे बाजूला उभे राहून पाहता येते. नित्यनेमाचे हे बळ आपल्याला अपरिचित नाही. त्रिकाल संध्या करणारे आजोबा किंवा सायंकाळी हरिपाठाला बसणारे वारकरी आपण पाहिलेले असतात. श्रद्धा वेगळ्या, विधी वेगळे. त्यांना एकच म्हणण्याचे कारण नाही. पण दिवसाला एक धरबंध असावा, ही गरज मुलांना आपल्या घरच्या उदाहरणावरून लवकर समजते.

ज्यांना अधिक वाचावयाचे असेल त्यांना मराठी मनाने केलेला अभ्यास उपलब्ध आहे. साने गुरुजींनी पैगंबरांचे चरित्र मराठीत लिहिले, आणि विनोबांनी अरबी शिकून कुराणातील निवडक वचनांचे सार संकलित केले. दोघेही आपल्या श्रद्धेत दृढ होते. म्हणूनच त्यांना दुसऱ्याची श्रद्धा जाणून घेण्याची भीती वाटली नाही.

८. शाळेत काय करावे

आपल्या शाळा शासनाच्या निधीतून चालतात. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. परंतु धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे ज्ञान ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद कोठारी आयोगाने (१९६४–६६) स्पष्ट केला आहे. पहिली गोष्ट घराची व धर्मस्थळाची आहे. दुसरी मात्र शाळेने टाळू नये. ह्या मर्यादेत राहून पुढील सूचना उपयोगी पडतील.

(१) वर्गात कोणत्याही मुलाकडून नमाजेचे प्रात्यक्षिक करवून घेऊ नये. उपासना ही नाट्यछटा नव्हे. तसेच ‘तू मुसलमान ना, मग सांग’ असे म्हणून एखाद्या मुलाला साऱ्या समाजाचा जबाब देण्यास उभे करू नये. मूल आपणहून सांगत असेल तर आनंदाने ऐकावे.

(२) वर वर्णिलेला काठीच्या सावलीचा प्रयोग निरनिराळ्या ऋतूंत करून आकडे वहीत नोंदवावेत. गणित, भूगोल व परिसर अभ्यास हे तिन्ही विषय त्यात येतात. वेळ मोजण्याच्या जुन्या रीतींत घटिकापात्राबरोबरच असरच्या नियमाचाही उल्लेख करावा.

(३) शुक्रवारी मधल्या सुटीची वेळ गावातील जुम्याच्या वेळेशी जुळवून घेता येते का, हे मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीत विचारात घ्यावे. अध्यापनाचे तास पूर्ण झालेच पाहिजेत, ही अट पालकांनाही मान्य असते. इतर दिवशी अडचण सहसा येत नाही. जोहरची वेळ मधल्या सुटीत बसते.

(४) रमजान महिना दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस आधी येतो. त्या महिन्यात इशानंतर ‘तरावीह’ची दीर्घ नमाज असते आणि पहाटे सहेरीसाठी घर जागे असते. अशा वेळी सकाळच्या वर्गात एखादे मूल पेंगत असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी पंचांगाकडे पाहावे.

(५) मुलांनी विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. उत्तर ठाऊक नसेल तर ‘उद्या विचारून सांगतो’ असे म्हणावे आणि खरोखरच विचारावे. गावातील मशिदीचे इमाम, मुलाणी किंवा जाणते पालक आपल्याला आनंदाने सांगतील. जुन्या गावगाड्यातील बलुतेदारांच्या काही याद्यांत मुलाण्याचेही नाव येते. विचारपूस करण्याची ही वाट आपल्या गावांना नवीन नाही.

लेखाच्या आरंभी ज्या वर्गाचा उल्लेख केला, तेथील गुरुजींशी तपासणीनंतर मी बोललो. ते प्रामाणिकपणे म्हणाले, ‘‘साहेब, मला उत्तर येत नव्हते, म्हणून हसलो.’’ पुढच्या भेटीत मी गेलो तेव्हा फळ्यावर ‘कबीर’ आणि ‘अकबर’ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिलेले होते, आणि त्यांचा अर्थ मागच्या रांगेतील ती मुलगी साऱ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवीत होती. तिला कोणी उभे केले नव्हते. तिनेच हात वर केला होता, असे गुरुजींनी मला नंतर सांगितले.